होड्या कोणत्या काठाला?

वाचक विचारतात : अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या नद्या

मागच्या अंकात डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटनवर घातलेल्या छाप्याची हकिगत दिली होती. रात्र २५ डिसेंबर १७७६ ची, वॉशिंग्टनबरोबर २,४०० माणसे आणि १८ तोफा. त्यावर पत्रे भरपूर आली आणि बहुतेकांचा सूर एकच होता : ही एक नदी सगळ्यांना ठाऊक आहे, बाकीच्या नद्यांचे काय? म्हणून आजचा हप्ता नद्यांनाच. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : तुमच्या लेखात ‘तीन तुकड्या’ असा उल्लेख येतो, पण पुढे एकाच तुकडीची गोष्ट आहे. बाकीच्या दोन तुकड्या कुठे गेल्या? (एक वाचक, दादर)

उत्तर : चूक आमची, ते सांगायचे राहून गेले. त्या दोन तुकड्या त्या रात्री पोचल्याच नाहीत.

वॉशिंग्टन वरच्या अंगाला, ट्रेंटनपासून सुमारे नऊ मैलांवर मॅकॉन्कीच्या तरीवर (होडीने नदी ओलांडायच्या जागी) उतरला. जेम्स यूइंगने अगदी ट्रेंटनसमोर नदी ओलांडून गावाच्या दक्षिणेचा पूल धरायचा होता. जॉन कॅडवॉलडरने त्याहून खाली, ब्रिस्टलच्या बाजूने जाऊन हेसियनांच्या, म्हणजे ब्रिटिशांनी भाड्याने आणलेल्या जर्मन सैनिकांच्या, दुसऱ्या छावणीला अडकवून ठेवायचे होते. यूइंगला बर्फाने होडीच घालू दिली नाही. कॅडवॉलडरची गोष्ट मात्र मुंबईकराला चटकन कळेल, कारण तिथे मोडता घातला तो भरतीने.

डेलावेअरमध्ये समुद्राची भरती ट्रेंटनच्या खडकाळ उतारापर्यंत चढते, त्याच्या वर नाही. वरच्या अंगाला बर्फाचे तुकडे फक्त प्रवाहाबरोबर खाली वाहतात. बांबूने ढकलत, चुकवत होडी काढता येते. भरतीच्या टापूत तेच बर्फ दिवसातून दोनदा मागे-पुढे होते आणि काठाला थरावर थर चढत जातात. डंक्सच्या तरीवर कॅडवॉलडरची सुमारे ६०० माणसे पलीकडे गेली, पण होड्या काठाला लागल्याच नाहीत. काठापासून दीडशे यार्डांवर बर्फावर उतरून ती चालत गेली. माणसाचे वजन त्या बर्फाने पेलले, तोफेचे पेलले नसते. तोफांशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून पार झालेली माणसेही परत आणली. २७ तारखेला तो पुन्हा उतरला, तोवर ट्रेंटनची लढाई होऊन गेली होती.

वॉशिंग्टनलाही बर्फाने सोडले नाही. सगळे मध्यरात्रीपर्यंत पार व्हायचे होते, प्रत्यक्षात पहाटेचे तीन वाजले आणि कूच चारला झाले. असे का होते, ते एका साध्या हिशोबात दिसते. एका डरहॅम होडीत ४० माणसे आणि अशा १० होड्या धरू. २,४०० माणसांना ६० खेपा, म्हणजे दर होडीला सहा. जाऊन-येऊन अर्धा तास लागला तर काम तीन तासांचे. बर्फामुळे तीच खेप ५० मिनिटांची झाली की पाच तास. खेपेमागे वीस मिनिटे गेली आणि रात्रीतले दोन तास बुडाले. शिवाय तोफा आणि घोडी या होड्यांत जात नाहीत. त्यांना सपाट तळाच्या तरीच्या होड्या लागतात आणि त्या मोजक्याच असतात.

आणखी एक. या डरहॅम होड्या मुळात लोखंडाचा माल वाहणाऱ्या. लांबी ४० ते ६० फूट, रुंदी आठ, तळ उथळ. दोन्ही कडांवरच्या फळ्यांवरून चालत लांब बांबू तळाला रोवून त्या ढकलायच्या. बसायला बाकडी नसत. तेव्हा डेलावेअर ओलांडणाऱ्या वॉशिंग्टनच्या त्या प्रसिद्ध चित्रात सेनापती होडीत उभा आहे यावर हसायचे कारण नाही, बहुतेक सगळे उभेच होते.

प्रश्न : भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात लॉर्ड कॉर्नवॉलिसचा जुना पुतळा आहे. यॉर्कटाउनला शरण गेलेला तोच का हा? (एक वाचक, भायखळा)

उत्तर : तोच. आणि नद्यांच्या या हप्त्यात त्याचे नाव पुन्हा पुन्हा येणार आहे. डिसेंबर १७७६ मध्ये वॉशिंग्टनचा पाठलाग करत तो डेलावेअरच्या काठाला आला, तर साठ-सत्तर मैलांच्या पट्ट्यातली प्रत्येक होडी पलीकडच्या काठाला नेऊन ठेवलेली. मे १७९१ मध्ये, तेव्हा तो इथे गव्हर्नर जनरल होता, श्रीरंगपट्टणासमोर कावेरी चढू लागली, ओझ्याचे बैल मेले, आणि वेढ्याच्या जड तोफा त्याला स्वतःच्या हाताने नष्ट कराव्या लागल्या. काही दिवसांतच हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज येऊन मिळाली आणि उपाशी इंग्रजी छावणीला मराठ्यांच्या बाजारात धान्य मिळाले.

पण भित्रा म्हणून त्याची बोळवण करू नये. १ फेब्रुवारी १७८१ ला उत्तर कॅरोलिनात त्याने कटॉबा नदी ओलांडली, ती या युद्धातली सगळ्यात धाडसी पायी पार केलेली नदी म्हणावी लागेल. जागा काउअन्स फोर्ड. फोर्ड म्हणजे आपल्याकडचा उतार, जिथे पाण्यातून चालत जाता येते. पात्र ५०० यार्डांहून रुंद, म्हणजे बारा डब्यांच्या लोकलच्या जवळजवळ दुप्पट. पाणी तीन ते चार फूट, ओढ जबरदस्त, तळाला मोठाले धोंडे, वर फेब्रुवारीची थंडी आणि नुकताच ओसरू लागलेला पूर.

आपल्या हाताखालच्या वेबस्टरला थोड्या फौजेनिशी बीटीज फोर्डवर तोफा डागायला पाठवले, शत्रूचे लक्ष तिकडे जावे म्हणून. खरी फौज पहाटेच्या अंधारात काउअन्स फोर्डला पाण्यात शिरली. हुकूम असा की बंदुकीत बार भरायचा नाही, संगीन लावायची, पलीकडे पाय टेकेपर्यंत गोळी नाही. कारण उघड आहे. चार फूट पाण्यात बार भरता येत नाही, आणि भरलेला बार भिजला तर तो काढण्यात काठावरची मोलाची मिनिटे जातात. काडतुसांची पेटी वर, मानेशी बांधायची. हातात काठी घ्यायची, आधाराला आणि पुढचा तळ चाचपायला. रांग चौघांची, शेजाऱ्याला धरून, कारण एकट्याचा पाय सुटला तर तो गेला. कॉर्नवॉलिसच्या हाताखालचा जनरल ओ’हॅरा, त्याचा घोडा घसरून स्वारासकट सुमारे चाळीस यार्ड गडगडत गेला. खुद्द कॉर्नवॉलिसच्या घोड्याला गोळी लागली, तरी जनावर काठ गाठून मगच पडले.

आता गंमत पाहा. या उताराला मध्यावर दोन फाटे होते. सरळ जाणारी गाडीवाट जवळची पण खोल. उजवीकडे खालच्या अंगाला वळणारी घोडेवाट लांबची, पण उथळ. फौज घोडेवाटेने येणार हे धरून अमेरिकन मिलिशियाची, म्हणजे नागरिकांतून उभ्या केलेल्या फौजेची, मुख्य चौकी तिच्या तोंडाशी बसली होती. गोळीबार सुरू होताच इंग्रजांचा वाटाड्या मध्यावरून पळाला. वळायचे कुठे हे कोणालाच कळेना, म्हणून रांग नाकासमोर खोल पाण्यात गेली आणि चौकी नव्हती तिथे वर निघाली. मिलिशियाचा जनरल डेव्हिडसन तिकडे माणसे वळवत असतानाच गोळी लागून पडला. इंग्रजांच्या अधिकृत नोंदीत ४ ठार, ३६ जखमी. वाटाड्या शेवटपर्यंत टिकला असता तर हा आकडा बराच मोठा झाला असता, असे आमचे मत आहे.

प्रश्न : कॉर्नवॉलिसने वेग वाढवायला स्वतःच्याच गाड्या जाळल्या असे वाचले. तरी त्याला ग्रीनची फौज गाठता आली नाही, असे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : जाळल्या हे खरे. जानेवारी १७८१ च्या अखेरीस, रॅमसोर्स मिलला. दवाखान्याचे सामान, मीठ आणि दारूगोळा यांच्या गाड्या ठेवल्या, आजारी आणि जखमींसाठी चार रिकाम्या राखल्या. बाकी सगळे आगीत, रमची पिंपेसुद्धा. फौज हलकी झाली, पण त्याच्याजवळ होड्या नव्हत्या आणि पुढे तीन मोठ्या नद्या होत्या.

नाथानिएल ग्रीन आधी वॉशिंग्टनचा क्वार्टरमास्टर जनरल, म्हणजे फौजेचे सामान आणि वाहतूक पाहणारा अधिकारी, होता, आणि ते त्याच्या प्रत्येक हालचालीत दिसते. दक्षिणेची सूत्रे हाती येताच, डिसेंबर १७८० मध्येच, त्याने तीन माणसे तीन नद्यांवर धाडली : कटॉबावर कोश्चुश्को, याडकिनवर स्टीव्हन्स, डॅनवर कॅरिंग्टन. उतार कुठे, खोली किती, प्रवाह कसा, होड्या कोणाकडे, हे सगळे लिहून आणायचे. चाकांवर घालून नेता येतील अशा सपाट होड्या बांधायलाही सांगितले. लढाई अजून दूर होती तेव्हाची ही तयारी.

याडकिनवर ट्रेडिंग फोर्डला ती कामी आली. नाव उताराचे, पण पुराने उतार बुडालेला. अमेरिकन फौज होड्यांतून गेली. ३ फेब्रुवारीच्या रात्री ओ’हॅरा पोचला तर होड्या पलीकडे. इंग्रजांनी काठावरून तोफा डागल्या आणि मग वर शॅलो फोर्डपर्यंतचा लांबचा वळसा घेतला.

डॅनवर तर सरळ फसवले. ग्रीनचा अधिकारी ओथो विल्यम्स ७०० निवडक माणसांनिशी वरच्या डिक्सच्या तरीकडे चालल्यासारखे दाखवत कॉर्नवॉलिसच्या पुढे पुढे राहिला. ग्रीनची मुख्य फौज दरम्यान खाली, एकमेकींपासून चार मैलांवरच्या अर्विन आणि बॉइड या दोन तरींकडे गेली. कॅरिंग्टनने होड्या तिथेच जमवून ठेवल्या होत्या. विल्यम्सला वळायचा निरोप मिळाला तेव्हा त्याच्या माणसांनी शेवटचे ४० मैल १६ तासांत काढले. १४ फेब्रुवारीच्या संध्याकाळी मुख्य फौज पार, रात्री शेवटचे घोडदळ.

घोडदळाच्या वेळी एक घोळ झाला, तो सांगण्यासारखा आहे. स्वार, खोगिरे आणि हत्यारे होडीत, मोकळी घोडी पाण्यात, अशी रीत. घोडे पोहते, पण डोक्यात येईल तिकडे. त्या रात्री काही घोडी मध्यातून मागे वळली, पुन्हा त्याच काठाला लागली आणि रानात पसार झाली. म्हणून जाणकार आधी एका शांत, सवयीच्या घोड्याला दोरीने होडीमागून नेतात आणि बाकीची त्याच्या मागे सोडतात. घाईत ते राहून जाते. क्वार्टरमास्टर कॅरिंग्टन शेवटच्या होडीतून गेला. होड्यांची जबाबदारी ज्याची, त्याने शेवटी उतरायचे, हे योग्यच.

प्रश्न : बैलगाड्यांसारख्या गाड्या नदीत उभ्या करून पूल बांधला असे ऐकले. हे खरोखर जमते का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, माटुंगा)

उत्तर : जमते, पण अटी फार. डिसेंबर १७७७ मध्ये फिलाडेल्फियाजवळ स्कूलकिल नदीवर, स्वीड्स फोर्डला, ३६ गाड्या ओळीने पाण्यात उभ्या केल्या आणि एकीपासून दुसरीपर्यंत कुंपणाचे वासे टाकले. १२ तारखेला सूर्यास्तापासून उजाडेपर्यंत फौज त्यावरून आणि खालच्या अंगाच्या दुसऱ्या, तराफ्यांच्या पुलावरून जात होती. वरून बर्फ पडत होता. आठवड्याने हीच फौज व्हॅली फोर्जच्या छावणीत पोचली.

तुमच्या दृष्टीने पाहायचे तर अशा पुलाचा जीव खोलीत आहे. पाणी गाडीच्या तक्त्याच्या वर गेले की लाकडी साटा तरंगू पाहतो, मग त्यात धोंडे भरावे लागतात. तळ वाळूचा असेल तर प्रवाह चाकाखालची वाळू पोखरतो, एक बाजू खचते आणि वासे निसटतात. एक गाडी कलली की पूल तुटला, कारण पर्यायी आधार कुठेच नाही. त्यावरून माणसे एकेरी ओळीने, पाऊल न जुळवता जावीत. तोफा जाऊ नयेत.

उताराच्या खोलीचे ठोकताळेही विचारले आहेत. लष्करी अभियांत्रिकीत ते ढोबळ मानाने असे : पायदळाला ३ फूट, घोडदळाला ४, दारूगोळ्याच्या गाड्यांना अडीच, आणि ओढ जास्त असेल तर प्रत्येकाला त्याहून कमी. खडी सर्वांत चांगली. वाळूचा उतार पहिल्या हजार पायांना चांगला असतो, मग तुडवून तुडवून खोल होत जातो. मागच्या माणसाला मिळालेली नदी पुढच्याने ओलांडली तीच नसते. (अर्धशिक्षित वाटाड्ये हेच विसरतात.)

प्रश्न : आमच्याकडे फळ्या नीट वाळल्याशिवाय होडीला हात लावत नाहीत. युद्धात घाईने बांधलेल्या होड्या टिकत कशा? (एक वाचक, वेसावे)

उत्तर : टिकत नसत. १७७५ च्या शरदात अमेरिकन अधिकारी बेनेडिक्ट अर्नोल्ड सुमारे ११०० माणसे घेऊन केनेबेक नदीतून क्वेबेकवर निघाला. त्याच्यासाठी सुमारे २२० सपाट होड्या काही आठवड्यांत, ओल्या पाइनच्या फळ्यांच्या बांधून दिल्या होत्या. पुढचे आम्ही वेसाव्याला काय सांगायचे? फळ्या आकसल्या, सांधे उघडले, खडकांवर आपटून उरलेसुरले फुटले. पाव आणि वाटाणे भिजून फुगले, सुकी मासळी नासली. वर ओली होडी जड. एकेकीचे वजन ४०० पौंडांच्या घरात, आणि धबधबा आला की ती खांद्यावर. मागची एक मोठी तुकडी अर्ध्यातून परतली.

सेंट लॉरेन्स नदीशी पोचल्यावर झाडाच्या सालीच्या आणि कोरीव लाकडाच्या डोंग्या स्थानिकांकडून घ्याव्या लागल्या. वाऱ्याने काही दिवस अडवले. मग १३ नोव्हेंबरच्या रात्री, दोन ब्रिटिश युद्धनौकांच्या मधून, खेपा करत सुमारे ५०० माणसे पार झाली. एक डोंगी मधेच फुटली आणि तिच्यातला अधिकारी दुसऱ्या डोंगीच्या मागच्या टोकाला हात अडकवून गारठ्यात ओढत नेला गेला. पहाटेपर्यंत खेपा संपल्या नाहीत म्हणून उरलेली माणसे त्या काठालाच राहिली.

प्रश्न : होडीच नसेल तर? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : फेब्रुवारी १७७९ मध्ये अमेरिकन अधिकारी जॉर्ज रॉजर्स क्लार्क सुमारे १७० माणसे घेऊन इलिनॉयच्या पुरातून व्हिन्सेन्सच्या किल्ल्याकडे चालला होता. तोफा लादलेली एक बोट त्याने आधीच नदीमार्गे पुढे पाठवली होती. लिटल वॉबॅशचे एकमेकांपासून तीनेक मैलांवर असलेले दोन फाटे पुराने एक झाले होते. या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत जवळजवळ पाच मैल पाणी, आणि तीन फुटांहून कमी क्वचितच कुठे.

त्याने एक झाड कोरून डोंगी केली, त्या वेळी एवढी एकच. खऱ्या पात्राच्या पलीकडचा काठसुद्धा तीन फूट पाण्याखाली होता, म्हणजे सामान उतरवायला कोरडी जागाच नाही. मग तिथे पाण्यात एक माचा बांधला. डोंगीने सामान माच्यावर, घोडी पोहत माच्याशी, आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांच्या पाठीवर ओझे लादले. माणसे पात्रापुरती डोंगीतून, पुढे पाण्यातून चालत. दारू कोरडी ठेवायची एवढाच काय तो आग्रह. २३ फेब्रुवारीच्या शेवटच्या टप्प्यात छातीभर पाणी होते. जी माणसे गळाली त्यांना डोंग्यांतून नेले आणि सगळ्यांत मागे २५ जणांची रांग लावली, माघारी फिरेल त्याला गोळी घालायच्या हुकमाने. किल्ल्यातल्या ब्रिटिश अधिकारी हॅमिल्टनने पुरामुळे कोणी येणार नाही असे धरले होते. २५ तारखेला तो शरण आला. तोफांची बोट त्यानंतर पोचली.

प्रश्न : यॉर्कटाउनमधून कॉर्नवॉलिसला निसटता आले असते का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : त्याने प्रयत्न केला होता, हे फारसे सांगितले जात नाही. १६ ऑक्टोबर १७८१ च्या रात्री १६ मोठ्या होड्या दहाच्या सुमारास तयार ठेवल्या. बेत असा : यॉर्क नदी ओलांडून ग्लॉस्टर पॉइंटला जायचे, तिथला वेढा फोडायचा आणि उत्तरेला सुटायचे. सामान आणि आजारी माणसे मागे सोडायची. पहिली खेप, हलके पायदळ आणि गार्ड्स पलटणीपैकी बरेचसे, मध्यरात्रीच्या आत पलीकडे उतरली. तोवर हवा शांत होती. मग एकाएकी वादळी वारा आणि पाऊस आला आणि होड्या, काही तर माणसांसकट, नदीच्या मुखाकडे वाहत गेल्या.

होड्या परत जमेपर्यंत उशीर झाला होता. फौज दोन काठांवर तुटलेली, आणि अलीकडच्या काठावर उजाडताच शत्रूच्या तोफा सुरू. पलीकडे गेलेली माणसे दिवसाढवळ्या परत आणावी लागली. वादळ नसते तर सुटला असता का? आम्हाला शंका आहे. १६ होड्यांत सगळी फौज एका खेपेत मावत नव्हती, आणि खेपांचा हिशोब वर दादरच्या वाचकांना दिलाच आहे. १७ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास तटावर एक ढोलवाला पोरगा चढला, त्याच्या मागून पांढरा रुमाल धरलेला अधिकारी. १९ तारखेला शरणागती झाली, तेव्हा कॉर्नवॉलिसने आजारपण सांगितले. त्याच्या वतीने तलवार घेऊन पुढे आला तो ओ’हॅरा, कटॉबात घोड्यासकट गडगडलेला.